उष्णतेचा हिशेब : ठाणे-कल्याण लोकलगाड्यांतील विद्युत परिवर्तक

ठाणे जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास लोहमार्गाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, हा मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. खाडीकाठची आणि उल्हास नदीच्या परिसरातील लहान गावे पुढील काळात शहरे झाली, ती प्रामुख्याने या मार्गामुळे. आज ठाणे, डोंबिवली व कल्याण येथून लाखो नोकरदार, कामगार, विद्यार्थी आणि छोटे व्यापारी दररोज लोकलगाडीने ये-जा करतात. ऐन गर्दीच्या वेळी एक गाडी मध्येच अडकली तर तिच्या मागच्या गाड्याही अडकतात. कुणाचा खाडा होतो, कुणाची परीक्षा चुकते, कुणाला रुग्णालयात वेळेवर पोहोचता येत नाही.

गाडी अडकण्याची कारणे अनेक असतात. रूळ, सिग्नल, ओव्हरहेड तार, पावसाचे पाणी ही कारणे प्रवाशांच्या परिचयाची आहेत. परंतु आधुनिक लोकलगाडीच्या पोटात असे एक कार्य अखंड चालू असते की, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हे कार्य म्हणजे विजेचे रूप पालटणाऱ्या परिवर्तकांतून उष्णता बाहेर काढण्याचे. परिवर्तक कितीही उत्तम असला तरी त्याच्या उष्णतेला वाट मिळाली नाही, तर तो काही क्षणांत निकामी होऊ शकतो. ही वाट कशी आखतात, तिचे गणित कसे मांडतात आणि ती खुली ठेवण्यासाठी काय करावे लागते, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. शाळेतील शिक्षकांना वहन, अभिसरण व प्रारण हे धडे शिकविताना, तसेच ग्रामपंचायतींना आपल्याकडील सौर पंप व इन्व्हर्टर सांभाळताना ही माहिती उपयोगी पडेल.

तारेपासून चाकापर्यंत

भारतात विजेवरील रेल्वे प्रथम ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर धावली. त्यासाठी १,५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह निवडण्यात आला होता. १९२९ ते १९३० या काळात कल्याणपासून पुणे व इगतपुरीपर्यंतच्या घाटमार्गांचेही विद्युतीकरण झाले आणि डोंबिवली व कल्याण यांच्या दरम्यान ठाकुर्ली येथे रेल्वेचे स्वतःचे वीज केंद्र उभे राहिले. चोळे पॉवर हाऊस या नावाने ते जुन्या रहिवाशांच्या स्मरणात आहे.

त्या काळी विजेचे रूप पालटण्याचे काम गाडीत नव्हे, तर लोहमार्गालगतच्या उपकेंद्रांत होत असे. प्रथम फिरती परिवर्तक यंत्रे, नंतर पाऱ्याच्या वाफेवर चालणारे एकदिशकारक आणि त्यानंतर सिलिकॉनचे एकदिशकारक अशी या उपकेंद्रांची वाटचाल झाली. गाडीत पोहोचलेली वीज एकदिशच असल्याने ती सरळ मोटारींना दिली जाई. मात्र गाडी सुटताना मोटारीत एकदम जास्त प्रवाह शिरू नये म्हणून मध्ये लोखंडी रोधक जोडावे लागत. सुटण्याच्या वेळी विजेचा मोठा भाग या रोधकांत केवळ उष्णतेच्या रूपाने खर्ची पडे.

कालांतराने गाड्यांची संख्या व लांबी वाढली आणि १,५०० व्होल्टची व्यवस्था अपुरी पडू लागली. म्हणून २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा स्वीकार करण्यात आला. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर हे रूपांतर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये, तर हार्बर मार्गावर २०१६ मध्ये पूर्ण झाले. या स्थित्यंतराची तयारी म्हणून मुंबई नागरी परिवहन प्रकल्पांतर्गत दोन्ही प्रकारच्या विजेवर चालू शकणाऱ्या नव्या गाड्या २००७ पासून सेवेत आल्या. रेल्वे मंत्रालय व महाराष्ट्र शासन यांच्या भागीदारीतील मुंबई रेल्वे विकास महामंडळाने हा प्रकल्प राबविला.

या नव्या गाड्यांमध्ये विजेचा प्रवास असा होतो. पँटोग्राफने तारेवरून घेतलेली २५,००० व्होल्टची वीज प्रथम रोहित्रात जाते व तिचा दाब कमी होतो. नंतर पहिला परिवर्तक तिला एकदिश करतो. दुसरा परिवर्तक त्या एकदिश विजेपासून पुन्हा प्रत्यावर्ती वीज तयार करतो. पण ही वीज त्रिकला, म्हणजे प्रचलित भाषेत थ्री फेज असते आणि तिचा दाब व वारंवारता गाडीच्या वेगाप्रमाणे बदलता येते. ब्रेक लावताना हाच क्रम उलटा होतो. मोटारी जनित्रे बनतात, गाडीची गती विजेत रूपांतरित होते आणि ती वीज तारेत परत जाते. सुटताना वीज न जाळणे आणि थांबताना ती परत मिळविणे, हा या पद्धतीचा दुहेरी लाभ होय.

थोडी उष्णता, पण नाजूक जागी

परिवर्तकाच्या अंतर्भागात सिलिकॉन या अर्धसंवाहकाचे स्विच असतात. आयजीबीटी या नावाने ते ओळखले जातात. ते दर सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा उघडझाप करतात. बंद अवस्थेतील आदर्श स्विचमधून प्रवाह विनाअडथळा वाहावा आणि उघड्या अवस्थेत तो पूर्ण थांबावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात प्रवाह वाहताना स्विचवर दोन-तीन व्होल्टचा दाब शिल्लक राहतो आणि प्रत्येक उघडझापेच्या क्षणी थोडी ऊर्जा वाया जाते. या दोन्हींची बेरीज उष्णतेच्या रूपाने प्रकट होते.

एखादा परिवर्तक १,००० किलोवॅट वीज हाताळतो आणि त्याची कार्यक्षमता ९८ टक्के आहे असे मानू. दोन टक्के घट ही ऐकण्यास क्षुल्लक वाटते. पण तिचा अर्थ २० किलोवॅट उष्णता असा होतो. बादलीतील पाणी तापविण्यासाठी घरोघरी वापरला जाणारा एक किलोवॅटचा विजेचा रॉड सर्वांना ठाऊक आहे. असे वीस रॉड एका पेटीत एकाच वेळी चालू ठेवावेत, तितकी ही उष्णता होय.

जुन्या रोधकांतून यापेक्षाही जास्त उष्णता निघत असे. पण ते ओतीव लोखंडाचे असल्याने शेकडो अंश तापमान सहज सोसत. सिलिकॉनची गोष्ट वेगळी आहे. या स्विचच्या आत नखाएवढ्या आकाराच्या पातळ चकत्या असतात. त्यांच्या दर चौरस सेंटीमीटरमधून ३० वॅट व त्याहूनही अधिक उष्णता बाहेर पडते. कपड्यांच्या तापलेल्या इस्त्रीच्या तळाशी हे प्रमाण पाच ते सात वॅट असते. असे असूनही चकतीचे तापमान साधारणतः १२५ अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ देता येत नाही. नव्या बनावटीत ही मर्यादा १५० अंशांपर्यंत गेली आहे. मर्यादा ओलांडली की स्विचचे नियंत्रण सुटते आणि तो कायमचा निकामी होतो.

उष्णतेच्या मार्गाला ओहमचा नियम

चकतीत निर्माण झालेली उष्णता टप्प्याटप्प्याने बाहेर येते. प्रथम ती चकतीखालील सिरॅमिकचा थर व धातूचा तळ ओलांडते. नंतर तळ आणि हीट सिंक यांच्यामधील लेपाच्या थरातून जाते. हीट सिंक म्हणजे ॲल्युमिनियमचा अनेक पाती असलेला ठोकळा. शेवटी या पात्यांवरून वाहणारी हवा ती उष्णता घेऊन जाते. पहिले दोन टप्पे वहनाचे, तिसरा मुख्यतः अभिसरणाचा आहे. या तापमानाला प्रारणाचा वाटा अल्प असतो.

या मार्गाचे गणित माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही समजेल इतके सोपे आहे. ओहमच्या नियमानुसार विद्युत प्रवाहाला रोधाने गुणले की दोन टोकांतील विद्युत दाबाचा फरक मिळतो. उष्णतेच्या बाबतीत प्रवाहाच्या जागी वॅट, दाबाच्या जागी तापमान आणि विद्युत रोधाच्या जागी औष्णिक रोध मानावयाचा. एक वॅट उष्णता वाहून जाण्यासाठी जितक्या अंशांचा फरक लागतो, तितका त्या टप्प्याचा औष्णिक रोध होय. टप्पे एकामागोमाग असल्याने त्यांच्या रोधांची बेरीज करता येते.

उदाहरणादाखल एका स्विचमधून सरासरी १,००० वॅट उष्णता निघते असे समजू. चकतीपासून तळापर्यंतचा रोध प्रति वॅट ०.०१ अंश, लेपाचा रोध ०.०१ अंश आणि हीट सिंकपासून हवेपर्यंतचा रोध ०.०३ अंश आहे. यांची बेरीज ०.०५ होते. १,००० ला ०.०५ ने गुणले असता ५० अंश येतात. उन्हाळ्यात डब्याखालील हवेचे तापमान ४५ अंश धरले, तर चकतीचे तापमान ९५ अंश होईल. १२५ अंशांची मर्यादा लक्षात घेता येथे ३० अंशांची शिल्लक दिसते. ही शिल्लक कितपत खरी आहे, हे पुढे पाहू.

लेपाच्या थराबद्दल एक गैरसमज आढळतो. लेप जितका जाड तितकी उष्णता चांगली वाहते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत लेपाची उष्णतावाहकता दोनशेव्या हिश्शाइतकी असते. परंतु हवेची वाहकता लेपाच्याही चाळिसाव्या हिश्शाइतकीच असते. वरवर गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंच्या पृष्ठांमध्ये सूक्ष्म खाचा राहतात व त्यांत हवा अडकते. हाताच्या पंजाएवढ्या स्विचखाली केसाच्या जाडीची, म्हणजे एक दशांश मिलिमीटरची हवेची सलग फट राहिली, तर १,००० वॅट वाहून जाण्यासाठी तिच्यावरच १४० अंशांहून अधिक फरक लागेल. तितक्याच जाडीच्या लेपावर तो चार अंशांच्या आत राहतो. तात्पर्य, लेपाचे काम हवेला हुसकावण्याचे आहे. तेवढ्यापुरता पातळ व एकसारखा थर देणे योग्य ठरते.

पात्यांचे गणित

हीट सिंकला पाती कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर क्षेत्रफळात आहे. पंखा नसलेल्या जागी एक चौरस मीटर पृष्ठभागावरून प्रत्येक अंश फरकामागे सुमारे सात वॅट उष्णता जाते. १,००० वॅट उष्णता ३० अंशांच्या फरकाने घालवावयाची असेल, तर पावणेपाच चौरस मीटर पृष्ठभाग लागेल. घराच्या दारांचा विचार केला, तर अडीच दारांइतके हे क्षेत्रफळ होते. पंख्याने वेगाने हवा सोडली तर सात वॅटच्या जागी सुमारे पन्नास वॅट जाऊ शकतात आणि सुमारे ०.६७ चौरस मीटर पृष्ठभाग पुरतो. स्विच बसविण्याची धातूची पाटी मात्र ३० सेंटीमीटर लांब व १५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे ०.०४५ चौरस मीटरचीच आहे. हा फरक पात्यांनी भरून काढावयाचा असतो.

तीस सेंटीमीटर लांब व आठ सेंटीमीटर उंच अशा एका पात्याच्या दोन्ही बाजू मिळून ०.०४८ चौरस मीटर होतात. या हिशेबाने चौदा पाती पुरावीत. परंतु पाते मुळाशी जितके तापते तितके टोकाशी तापत नाही. तीन मिलिमीटर जाडीच्या पात्याचा सुमारे तीन चतुर्थांश भागच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. म्हणून प्रत्यक्षात अठरा-एकोणीस पाती घ्यावी लागतात. पाते अधिक उंच केले तर टोकाचा भाग थंडच राहतो व धातू वाया जातो. पाती अधिक दाट बसविली तर त्यांतून हवा जात नाही. वरील रचनेत दोन पात्यांमध्ये पाच मिलिमीटरची फट राहते. उंची, जाडी व अंतर यांचा मेळ घालणे, हेच हीट सिंकच्या आराखड्याचे मर्म होय.

पात्यांतून जाणाऱ्या हवेचाही हिशेब करावा लागतो. २० किलोवॅट उष्णता घेताना हवा १५ अंशांहून जास्त तापू नये असे ठरविले, तर दर सेकंदाला एक घनमीटरपेक्षा थोडी अधिक हवा लागते. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब व तीन मीटर उंच अशा खोलीतील सर्व हवा अर्ध्या मिनिटात ओढून घ्यावी, इतका हा प्रवाह आहे. या हवेबरोबर काय काय आत येते, याचा विचार पुढे केला आहे. अधिक शक्तीच्या यंत्रांत हवेऐवजी द्रवाचा उपयोग करतात. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या डब्ल्यूएजी-९ या त्रिकला इंजिनांतील सुरुवातीचे परिवर्तक तेलाने थंड केले जात. अशा व्यवस्थेतही शेवटी ती उष्णता कोठेतरी हवेच्याच स्वाधीन करावी लागते.

पाण्याच्या टाक्यांची मालिका

आतापर्यंतच्या हिशेबात उष्णता एकसारखी वाहते असे गृहीत धरले. लोकलगाडी मात्र एकसारखी धावत नाही. ती वेग घेते, काही काळ तशीच धावते, ब्रेक लावते आणि थांबते. म्हणून तापमान किती वाढते याबरोबरच ते किती वेळात वाढते, हेही जाणणे आवश्यक ठरते. औष्णिक प्रतिमान या संज्ञेने ओळखला जाणारा अभ्यास तो हाच.

गावच्या नळपाणी योजनेचे चित्र येथे उपयोगी पडेल. एकापुढे एक तीन टाक्या नळाने जोडल्या आहेत अशी कल्पना करावी. पहिली टाकी वाटीएवढी, दुसरी घागरीएवढी व तिसरी मोठ्या हौदाएवढी आहे. पहिल्या टाकीत पाणी ओतले जाते आणि तिसरीतून बाहेर जाते. पाण्याची पातळी म्हणजे तापमान, नळाचा अरुंदपणा म्हणजे औष्णिक रोध आणि टाकीचा आकार म्हणजे उष्माधारकता. पाण्याची धार वाढली की वाटीतील पातळी तत्काळ चढते, घागरीची काही वेळाने आणि हौदाची फारच सावकाश. परिवर्तकात चकती ही वाटी, स्विचचा तळ ही घागर आणि हीट सिंक हा हौद होय. चकती काही सहस्रांश सेकंदांतच तापू लागते. तळाला काही सेकंद, तर हीट सिंकला काही मिनिटे लागतात. फॉस्टर व काउअर यांनी १९२० नंतरच्या दशकात विद्युत जालांसाठी विकसित केलेल्या पद्धतीच आज या टाक्यांचे गणित मांडण्यासाठी संगणकावर वापरल्या जातात.

आपल्या उदाहरणातील हीट सिंकचे वजन सुमारे सहा किलोग्रॅम भरते. एक किलोग्रॅम ॲल्युमिनियम एक अंशाने तापविण्यास सुमारे ९०० ज्यूल ऊर्जा लागते. म्हणून संपूर्ण ठोकळ्यास ५,४०० ज्यूल लागतील. यास ०.०३ ने गुणले असता १६२ सेकंद, म्हणजे पावणेतीन मिनिटे येतात. हा त्या हीट सिंकचा कालांक होय. यापेक्षा कमी वेळ टिकणारे भार तो बऱ्याच अंशी पोटात घालतो. जास्त वेळ टिकणाऱ्या भारापुढे मात्र त्याचे तापमान चढतच जाते.

स्थानकागणिक चढउतार

ठाणे सोडल्यावर धीमी गाडी कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली व ठाकुर्ली येथे थांबून कल्याणला पोहोचते. प्रत्येक वेळी सुटताना सुमारे ३० सेकंद स्विचमधील उष्णता सरासरीच्या दुप्पट, म्हणजे २,००० वॅट होते असे धरू. हीट सिंक सरासरी भाराने अगोदरच ४५ अधिक ३०, म्हणजे ७५ अंशांवर आहे. या ३० सेकंदांत तो फार तर पाच अंशांनी अधिक तापेल. चकती व हीट सिंक यांमधील फरक मात्र ताबडतोब २० अंशांवरून ४० अंशांवर जाईल. अशा रीतीने चकतीचे तापमान १२० अंश होईल. सरासरीच्या हिशेबात ३० अंशांची दिसणारी शिल्लक प्रत्यक्ष धावत्या गाडीत पाच अंशांचीच उरते.

याचा आणखी एक परिणाम असा की, प्रत्येक स्थानकाला चकती तापते व निवते. सिलिकॉन उष्णतेने अल्प प्रमाणात प्रसरण पावते, तर त्याला जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक तारा त्याच्या आठ-नऊ पट प्रसरण पावतात. या ओढाताणीमुळे जोड हळूहळू सैल होतात. तार वारंवार वाकविली असता तुटते, तसाच हा प्रकार आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याण या धीम्या मार्गावर गाडी एका फेरीत २५ वेळा सुटते. दिवसाला अशा दहा फेऱ्या व वर्षात ३०० दिवस सेवा धरली, तर वर्षाला ७५,००० वेळा हे घडते. ब्रेक लावतानाही परिवर्तक काम करीत असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून मोठा भरतो.

प्रयोगांवरून असे आढळले आहे की, जोडांचे आयुष्य तापमानातील चढउताराच्या सुमारे पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. चढउतार ४० अंशांवरून ३० अंशांवर आणला, तर आयुष्य जवळजवळ चौपट होते. दहा अंशांना येथे इतके मोल आहे.

ठाणे परिसराची हवा आणि कारशेडमधील काम

आराखडा स्वच्छ पात्यांवर आधारलेला असतो. गाडी मात्र प्रत्यक्ष परिसरातून धावते. रुळांमधील खडीची भुकटी, ब्रेकची लोखंडी धूळ, रस्त्यांची व बांधकामांची माती आणि कापसासारखे तंतू पंख्याच्या हवेबरोबर पात्यांमध्ये शिरतात. पावसाळी दमट हवेत त्यांचा चिखल होतो व उन्हाळ्यात तो घट्ट बसतो. खाडीवरून येणाऱ्या खारट हवेने ॲल्युमिनियम गंजते. २६ जुलै २००५ च्या महापुराचा अनुभव घेतलेल्या या प्रदेशात डब्याखालील यंत्रणेत पाणी शिरू न देणे जितके महत्त्वाचे, तितकेच उष्णता बाहेर जाऊ देणेही महत्त्वाचे आहे. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्यासाठी नाजूक भाग बंद पेटीत ठेवून पाती तेवढी पेटीबाहेरच्या हवेच्या मार्गात सोडण्याची रचना करतात.

धुळीचा परिणाम आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. आपल्या उदाहरणात हीट सिंकचा रोध ०.०३ वरून ०.०३५ झाला, म्हणजे एक षष्ठांशाने वाढला, तर पाच अंशांची उरलेली शिल्लक संपते. पाती निम्मी बुजून रोध दुप्पट झाला, तर सुटतानाचे तापमान १५० अंशांवर जाईल. तसे घडण्यापूर्वीच संरक्षक यंत्रणा भार कमी करते किंवा परिवर्तक बंद करते. यंत्र वाचते, पण गाडीचा जोर कमी होतो आणि वेळापत्रक बिघडते.

म्हणूनच कळवा, कुर्ला व सानपाडा येथील कारशेडमध्ये होणारी लोकलगाड्यांची नियमित तपासणी महत्त्वाची ठरते. अशा परिवर्तकांच्या बाबतीत हवेच्या जाळ्या झाडणे, पाती स्वच्छ करणे, पंख्याची दिशा व गती पाहणे, स्विच बदलताना जुना लेप पुसून नवा पातळ थर देणे आणि स्क्रू ठरलेल्या जोराने आवळणे, ही कामे दिसण्यास साधी असली तरी वरील सर्व गणिताचा आधार तीच होत. स्विचच्या आत तापमान मोजणारा संवेदक असतो. भार व बाहेरची हवा सारखी असताना त्याचा आकडा महिन्यामागून महिने वाढत असेल, तर उष्णतेची वाट बुजत चालली आहे असे समजावे. बिघाड होण्याची वाट न पाहता त्याआधीच ही सूचना ओळखणे शक्य असते.

गावातील परिवर्तक

परिवर्तक आता केवळ रेल्वेपुरते राहिलेले नाहीत. शेतातील सौर कृषिपंपाचा नियंत्रक, ग्रामपंचायत कार्यालयातील इन्व्हर्टर, शाळेच्या छपरावरील सौर संचाची पेटी आणि डोंबिवली किंवा वागळे इस्टेटमधील कारखान्यात मोटारींचा वेग बदलणारे यंत्र, या सर्वांत तेच सिलिकॉन व तीच पाती असतात. शक्ती कमी असली तरी नियम बदलत नाहीत. त्यांतील काही संधारित्रांचे आयुष्य तर दर दहा अंश तापमानवाढीमागे साधारणतः निम्मे होते.

काही साध्या गोष्टी पाळल्यास सार्वजनिक निधीतून घेतलेली ही साधने पुष्कळ वर्षे टिकू शकतील. नियंत्रकाची पेटी शक्यतो सावलीत, उत्तरेकडील भिंतीवर व उभी बसवावी, म्हणजे पात्यांमधील तापलेली हवा आपोआप वर जाते. तिच्या वर-खाली उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा सोडावी. इन्व्हर्टर बंद कपाटात किंवा दप्तरांच्या गठ्ठ्यांमागे ठेवू नये. पात्यांवर रंग फासू नये, गोणपाट टाकू नये आणि आवाज होतो म्हणून पंखा बंद करू नये. साफसफाई वीज पूर्ण तोडून, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून व जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. कारण वीज तोडल्यावरही संधारित्रांत काही काळ धोकादायक दाब शिल्लक असतो. साधन खरेदी करताना ते किती अंश तापमानापर्यंत पूर्ण शक्ती देते, हे निविदेत नमूद करून घ्यावे. २५ अंशांना दिलेली हमी विदर्भाच्या किंवा खानदेशाच्या मे महिन्यात उपयोगी पडत नाही.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. दोन सारख्या भांड्यांत सारखेच गरम पाणी घेऊन एकावर पंख्याचा वारा सोडावा, दुसरे फडक्याने गुंडाळावे आणि दर दोन मिनिटांनी तापमापीने नोंद घ्यावी. दोन्ही नोंदींचा आलेख काढला की रोध म्हणजे काय व कालांक म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या आकड्यांतून कळेल. त्या आलेखाच्या आधारे त्यांना शाळेतील इन्व्हर्टरची जागा योग्य आहे की नाही, हेही ठरविता येईल.

ठाणे-कल्याण मार्गावरील गाड्या, वारंवार बदलणारा भार आणि दमट, धुळीची हवा यांमुळे येथील परिवर्तकांची रोजच कसोटी लागते. या कसोटीस उतरण्यासाठी आराखडा करणाऱ्याने दहा अंशांचा हिशेब चोख ठेवावा लागतो आणि देखभाल करणाऱ्याने पाच मिलिमीटरची फट मोकळी ठेवावी लागते. डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला यांपैकी काहीच दिसत नाही; पण त्याची गाडी वेळेवर येण्यामागे या दोघांचेही परिश्रम असतात.